डोहाळजेवण कसं ठरवायचं? वऱ्हाडातली ओटी, पेढा-बर्फी आणि 'तुले काय खावं वाटते?'

राजकारणाच्या बातम्या वाचणाऱ्याला 'डोहाळे' हा शब्द चांगलाच ओळखीचा असतो. निवडणूक जवळ आली की कुणाला आमदारकीचे डोहाळे लागतात, मंत्रिमंडळाचा विस्तार होणार म्हटलं की कुणाला मंत्रिपदाचे. सगळं नीट चाललेलं असताना कुणी स्वतःहून नुकसान ओढवून घेतलं तर ते 'भिकेचे डोहाळे'. मूळ अर्थ मात्र स्वयंपाकघरातला. गरोदर बाईला अमुक खावंसं वाटतं, तमुक बघावंसं वाटतं, ते डोहाळे. आणि ते पुरवायला घरानं मुद्दाम घातलेलं जेवण म्हणजे डोहाळजेवण.

अमरावती-अकोल्याकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. काळा तिथे काया होतो, डोळा डोया होतो, आणि डोहाळ्यांचे होतात 'डोहाये'. नात्यातली एखादी म्हातारी बाजूला बसवून विचारते, "काय खावं वाटते वं तुले?" या प्रश्नावर अख्खा कार्यक्रम उभा आहे. एरवी सुनेला काय आवडतं हे विचारायची पद्धत फारशा घरांत नव्हती. ताटं वाढून झाल्यावर जे उरेल ते तिचं. वर्षातले सण देवांचे, पितरांचे, जावयाचे. या एका दिवशी मात्र घर अधिकृतपणे तिला विचारतं आणि ती सांगेल ते करतं.

आज 'बेबी शॉवर' म्हणून इन्स्टाग्रामवर जे दिसतं त्यात फुलांचे दागिने, पुठ्ठ्याचा चंद्र, फुग्यांची कमान आणि ड्रोन असतो. यातलं काही वाईट नाही. चंद्रातलं, बागेतलं, नावेतलं डोहाळजेवण ही हौस रील्सच्या कितीतरी आधीची आहे. फक्त तयारीच्या यादीत तो प्रश्न कितव्या क्रमांकावर येतो, हे बघण्यासारखं असतं. बऱ्याचदा तो यादीतच नसतो.

शब्द किती जुना?

'डोहाळा' संस्कृतातल्या 'दोहद'वरून प्राकृतमार्गे मराठीत आला. सुश्रुतसंहितेत त्याचं एक सुंदर स्पष्टीकरण आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणजे बाईच्या शरीरात दोन हृदयं होतात, आणि तिची इच्छा ही त्या दोघांची इच्छा असते. (सोनोग्राफीत बाळाचे ठोके सहाव्या-सातव्या आठवड्यातच दिसतात, पण सुश्रुताच्या काळी ते यंत्र नव्हतं.) याज्ञवल्क्यस्मृतीही सांगते की दोहद पुरवलं नाही तर गर्भात दोष येतो, म्हणून गरोदर स्त्रीला जे प्रिय असेल ते करावं. आजही 'डोहाळे राहिले तर बाळाची लाळ गळते' असं म्हणतात, ते याच समजाचं घरगुती रूप. लाळेचा आणि डोहाळ्यांचा संबंध वैद्यकशास्त्राला सापडलेला नाही. पण या समजाच्या धाकानं कितीतरी सुनांच्या ताटात आवडीचा घास पडला असेल, हेही खरं.

संस्कृत साहित्यात झाडांनाही डोहाळे लागतात. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात राणी धारिणीच्या बागेतला अशोक फुलत नाही. त्याचं दोहद असं, की सुंदर स्त्रीनं पायानं ताडन केलं की तो बहरतो. झोपाळ्यावरून पडून राणीचा पाय दुखावलेला, म्हणून हे काम मालविकेवर येतं. ही मालविका कुठली? विदर्भाची राजकन्या. म्हणजे डोहाळे पुरवण्याचा संस्कृत नाटकातला हा गाजलेला प्रसंग एका वैदर्भीच्या पायावर उभा आहे.

कालिदासाच्याच 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात गरोदर सुदक्षिणा राणी माती खाते आणि राजाला तिच्या मुखाला मातीचा वास येतो. कवीनं ते कौतुकानं लिहिलंय. आजचा डॉक्टर मात्र ते वाचून आधी रक्त तपासायला सांगेल. का, ते पुढे येईलच.

पोथीतला विधी मागे पडला, बायकांचा राहिला

सोळा संस्कारांमध्ये 'सीमंतोन्नयन' नावाचा एक संस्कार आहे. सीमंत म्हणजे केसांचा भांग. नवऱ्यानं साळिंदराच्या काट्यानं, दर्भाच्या काड्यांनी आणि कच्च्या फळांच्या घोसानं बायकोचा भांग वर काढायचा, वीणावादकांनी गाणं म्हणायचं, असा तो विधी. आश्वलायन गृह्यसूत्रात तो चौथ्या महिन्यात सांगितलाय. गुजराती आणि कन्नड घरांत या कार्यक्रमाला सीमंत, श्रीमंत अशी जी नावं आहेत, ती इथूनच आली. तमिळ घरांत याच सुमारास बांगड्या भरण्याचा 'वळैकाप्पु' होतो.

त्या सूत्रात एक वाक्य फार मजेशीर आहे. सगळा विधी सांगून झाल्यावर सूत्रकार म्हणतो की नवरा आणि मुलंबाळं हयात असलेल्या वृद्ध ब्राह्मण स्त्रिया जे जे सांगतील ते ते करावं. म्हणजे पोथीनंच एक रकाना कोरा सोडला होता. पुढे झालं असं की साळिंदराचा काटा आणि वीणा मागे पडली, आणि तो कोरा रकाना भरत भरत त्याचंच डोहाळजेवण झालं. त्यामुळे 'शास्त्रात काय लिहिलंय' असा वाद घरात निघालाच, तर शास्त्रानं हा विषय जाणत्या बायकांवर सोपवला होता, एवढं उत्तर पुरतं.

वऱ्हाडात मुलींना हे लहानपणीच कळतं, ते भुलाबाईमुळे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, रोज गाणी म्हणतात. भुलाबाई म्हणजे माहेरपणाला आलेली पार्वती. तिच्या गाण्यांत सासर-माहेर, डोहाळे, बाळंतपण सगळं येतं. गाणी संपली की डबा वाजवून खाऊ ओळखायचा. डोहाळजेवणात झाकलेली वाटी ओळखायचा जो खेळ असतो, त्याची सवय इथेच लागते.

चोरओटी, सातवा महिना, अठांगुळं

पहिली ओटी गुपचूप भरतात. तिला चोरओटी म्हणतात. साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात, घरातल्या दोन-चार बायकांनी, गाजावाजा न करता. 'दृष्ट लागते' हे तिचं सांगितलं जाणारं कारण. व्यवहाराचं कारण असं की गर्भपात होण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. गावभर सांगून ठेवलं आणि नंतर वाईट बातमी आली, तर त्या बाईला प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागतं. जुन्या बायकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे चोरओटी. 'प्रेग्नन्सी अनाउन्समेंट'ची पोस्ट कधी टाकायची याचा विचार करणाऱ्यांना तो आजही कामाचा आहे.

मोठा कार्यक्रम होतो तो बहुतेक घरांत सातव्या महिन्यात. पाचवा किंवा नववा धरणारीही घरं आहेत, आणि आठव्या महिन्यात 'अठांगुळं' करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. नियोजनाच्या दृष्टीनं सातवा सोयीचा. मळमळ बहुतेकींची थांबलेली असते, पोट दिसत असतं पण उठणं-बसणं अजून जमतं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असेल तर प्रवासही त्याच सुमारास होतो. नवव्यापर्यंत थांबलं तर बाळ आधी आणि मांडव नंतर, असंही होऊ शकतं.

ओटीत खण, नारळ, तांदूळ किंवा गहू, सुपारी, हळकुंड, खारीक, बदाम आणि फळं. हिरवी साडी, हिरवा चुडा. पाच जणी ओटी भरतात. एवढं झालं की विधी झाला. बाकी सगळी हौस.

खर्च कुणाचा?

इथेच घरात कुरबुर होते. सासरनं करायचं की माहेरनं, याला एक नियम नाही. जातीप्रमाणे, गावाप्रमाणे, कधी कधी एकाच गावात घराप्रमाणे पद्धत बदलते. काही ठिकाणी ओटी सासरी आणि जेवण माहेरी, काही ठिकाणी दोन्हीकडे एकेक कार्यक्रम. मात्र अडचण ठरलेली आहे. माहेरचे येताना साडी, जावयाला कपडे, सासूला-नणंदेला मानपान, फळांची नि मिठाईची ताटं घेऊन येतात आणि त्या ताटांची मोजणी होते. लग्नाचं कर्ज फिटायच्या आत मुलीच्या बापासमोर हा दुसरा खर्च उभा राहतो. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घरात, जिथे एका पावसानं वर्षाचं गणित बिघडतं, तिथे हा खर्च लहान नसतो.

याच मातीत गाडगेबाबा झाले. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्म, वाढले आजोळी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात. संत होण्याच्या आधीची, डेबूजी नावाच्या तरुण शेतकऱ्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मुलीच्या बारशाला दारू आणि मटणाचं जेवण द्यायची रीत होती. त्यांनी ती मोडली आणि गोडाधोडाचं जेवण दिलं. नातेवाईक नाराज झाले, पण रीत मोडली. पुढे कर्ज काढून सणसमारंभ करू नका, हे ते आयुष्यभर कीर्तनातून सांगत राहिले. डोहाळजेवणाचं बजेट ठरवताना हे उदाहरण घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ठेवायला हरकत नाही, कारण त्यांनी बाबांची कीर्तनं ऐकली नसली तरी नाव ऐकलेलं असतं.

सोपा उपाय असा की दोन्ही व्याह्यांनी आधीच फोनवर बोलून आकडा आणि माणसं ठरवावीत. 'तुमच्या मनासारखं करा' हे वाक्य टाळावं, त्यातूनच गैरसमज निघतात. आहेर नको असेल तर ते निमंत्रणातच स्पष्ट लिहावं, तोंडी सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही. माणसं पंचवीस-तीस असतील तर घराची गच्ची किंवा अंगण पुरतं. मंगल कार्यालय घ्यायचं झालं तर लग्नाच्या तिथा टाळून दिवस धरावा, दर बराच उतरतो.

ऊन, झोपाळा आणि ती

मार्च ते जून या काळात अकोल्यात दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. राज्यातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांमध्ये अकोला आणि अमरावती दोन्ही येतात. अशा दिवसांत दुपारी बाराचा मुहूर्त, भरजरी हिरवी साडी आणि पत्र्याचा मांडव म्हणजे सात महिन्यांच्या गरोदर बाईला शिक्षाच. शरीरातलं पाणी कमी झालं तर चक्कर येते, पोटात कळाही येऊ शकतात. उन्हाळ्यात कार्यक्रम सकाळी दहाच्या आत आटपावा किंवा सूर्य कलल्यावर सुरू करावा. चंद्रातलं डोहाळजेवण करायचंच आहे, तर खरा चंद्र उगवल्यावर करण्यासारखी सोय नाही. नळ रोज येत नसेल तर नळाच्या वाराचा हिशोबही आधीच करावा.

साडी तिला विचारून घ्यावी. अमरावतीच्या जवाहर रोडवर किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर हिरव्या रंगाच्या साड्यांना तोटा नाही. सुती किंवा हलकी साडी फोटोत कमी चमकते, पण तीन तास अंगावर सहन होते. फुलांचे दागिने सुंदर दिसतात, मात्र गरोदरपणात वास फार जाणवतात. मोगऱ्याच्या वासानं जिला उलटी येते तिला मोगऱ्यानं मढवू नये. झोपाळा असेल तर पाठीला टेकू हवा, उंची कमी हवी आणि कार्यक्रमाआधी घरातल्या एखाद्या वजनदार माणसानं त्यावर बसून बघावं. धुराचं यंत्र, फटाके, स्टेजवरची आतषबाजी यांना या कार्यक्रमात जागा नाही. पाय सुजतात, म्हणून पाय वर ठेवायला एक चौरंग. आणि अर्ध्या तासानं तिला आत जाऊन डाव्या कुशीवर पडावंसं वाटलं, तर फोटोग्राफरनं थांबावं.

ताटात काय?

वऱ्हाडातल्या मोठ्या जेवणात पुरणाची पोळी आली, त्यावर तूप आलं, कढी आली, भजी आली. कोहळ्याचे बोंड, म्हणजे लाल भोपळा आणि गूळ घालून तळलेले गोड गोळे, हा इथला खास पदार्थ. पाटवडीचा रस्सा, वांग्याची भाजी, वर भरपूर सांबार. (बाहेरच्या वाचकांसाठी: वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं ते वेगळं.) काही घरांत सातव्या महिन्याचे म्हणून सात पदार्थ तिच्याभोवती मांडतात, काही ठिकाणी पाच पक्वान्नं.

आता गंमत बघा. एवढं सगळं मांडलेलं असतं आणि तिला हवी असते अंबाडीची आंबट भाजी आणि ज्वारीची भाकर. किंवा चिंच. किंवा वाळवणातली खारोडी. किंवा नुसता दहीभात. पाहुण्यांसमोर ती म्हणते, "मले काई नाई पायजे," कारण पक्वान्नांच्या ताटापुढे भाकर मागणं बरं दिसत नाही. म्हणून तिला आठवडाभर आधी, एकटीला, गर्दीत नव्हे, विचारावं. ती जे सांगेल तो पदार्थ मुख्य, बाकीचा बेत त्याच्या भोवती. तिनं भाकर-भाजी सांगितली तर पाहुण्यांनीही भाकर-भाजी खावी. तिच्या नावाचं जेवण आहे.

वैद्यकीय बाजूही ताटातच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या जवळपास ४६ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. म्हणजे दर दोन डोहाळजेवणांपैकी जवळजवळ एकात, झोपाळ्यावर बसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी असतं. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे कौतुकाचे डोहाळे नाहीत. शरीरात लोह कमी असल्याचं ते लक्षण असू शकतं. कुणी हसून 'हिला मातीचे डोहाळे लागलेत' म्हणालं तर त्याच आठवड्यात रक्त तपासून घ्यावं. सुदक्षिणा राणीला ती सोय नव्हती.

सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक ॲसिडच्या १८० गोळ्या मोफत मिळतात. त्या घ्यायच्या, पण चहाबरोबर नाही. चहामुळे लोह अंगी लागत नाही, आणि जेवल्याबरोबर कपभर चहा ही वऱ्हाडातली पक्की सवय. निदान तासभर थांबावं. उलट आंबट फळांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. वरूड-मोर्शीची संत्री शेजारी पिकत असताना ओटीत बाहेरून आलेली, मेण लावलेली महागडी सफरचंदं घालण्यात काय अर्थ आहे? हंगाम असेल तर ओटी संत्र्यांनी भरावी.

गोडाचं थोडं वेगळं. गरोदरपणातल्या मधुमेहाची दुसरी तपासणी २४ ते २८ आठवड्यांत करतात, म्हणजे नेमकी सातव्या महिन्याच्या तोंडावर. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह धरतात. ही तपासणी कार्यक्रमाच्या आधी उरकलेली बरी. साखर वाढलेली निघाली तर पाच सवाष्णींनी तिच्या तोंडात घातलेले पाच पेढे, वर पुरणपोळी आणि बासुंदी हे प्रेम तिला महाग पडेल. घास भरवायची हौस फळाच्या फोडीवरही भागते. उन्हाळ्यात बासुंदी, श्रीखंड, कापून ठेवलेली फळं बाहेर तासन्‌तास राहू देऊ नयेत. कच्ची पपई टाळावी, हा आजीचा सल्ला बरोबर आहे. पण पपईच्या नावाखाली निम्मी फळं आणि भाज्या बंद करणं बरोबर नाही.

पेढा की बर्फी?

दोन वाट्या झाकून ठेवतात. एकीत पेढा, एकीत बर्फी. ती एक उघडते. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. १९८८ सालच्या 'अशी ही बनवाबनवी'त तर बाईचा वेश घेतलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंच्या 'पार्वती'साठी डोहाळजेवणाचं गाणं रंगलं आणि सगळा महाराष्ट्र हसला. त्यामुळे हा सगळा थट्टेचाच मामला, असं वाटणं साहजिक आहे.

खेळ बेकायदेशीर नाही, कारण तो अंदाज आहे. पण पेढा निघाल्यावर ज्या शिट्ट्या वाजतात आणि बर्फी निघाल्यावर 'असू दे, पहिली बेटी धनाची पेटी' म्हणत जो समजूत घालण्याचा सूर लागतो, तो झोपाळ्यावर बसलेली बाई नीट ऐकत असते. तिच्या पोटात मुलगी असण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. अकोल्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात हा आकडा ८५५ होता. हे आकडे काही वाटीतल्या पेढ्यामुळे आले नाहीत, पण शिट्टी आणि सुस्कारा यांत जो फरक आहे, तोच या आकड्यांतही आहे.

परदेशात केकच्या आतला रंग निळा की गुलाबी यावरून बाळाचं लिंग जाहीर करण्याचे समारंभ होतात. ते व्हिडिओ बघून इथे कुणी तसं करायला जाऊ नये. महाराष्ट्रानं १९८८ मध्येच गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, आणि १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. त्यानुसार गर्भाचं लिंग शब्दानं, खुणेनं किंवा इतर कोणत्याही प्रकारे सांगणं गुन्हा आहे. सांगणाऱ्यालाही शिक्षा आहे आणि तपासणीची मागणी करणाऱ्या नातेवाइकांनाही, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास.

खेळ हवाच असेल तर वाट्यांत लिंगाऐवजी दुसरं काही ठेवता येतं. गूळ निघाला तर बाळ आईसारखं, लिंबू निघालं तर बापासारखं. किंवा डोळे बांधून चव ओळखायची. नवऱ्याला बाळाचं लंगोट बांधायला लावलं तर पाहुण्यांची करमणूक आणि त्याचा सराव, दोन्ही होतं.

पाचांमध्ये कोण?

ओटी भरायला सवाष्णच लागते, तीही लेकुरवाळी, हा नियम घट्ट आहे. त्यामुळे जिनं मुलीला लहानाचं मोठं केलं ती विधवा आई किंवा आजी स्वयंपाकघरात भांडी आवरत बसते. मूल नसलेली आत्या 'डोकं दुखतंय' म्हणून येत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा असं सांगितलं. परिपत्रकानं घरातली ओटी बदलत नाही. ती बदलते होणाऱ्या आईनं 'पहिली ओटी माझी आई भरेल' एवढं म्हटल्यावर. सातव्या महिन्यात तिचा शब्द मोडायची घराची सहसा हिंमत होत नाही. डोहाळे पुरवायचे असतात ना!

मूल होत नसलेल्या मैत्रिणीला बोलवायचं की नाही, हा अवघड प्रश्न. बोलवावं, पण आदल्या दिवशी फोन करून 'आली नाहीस तरी मी समजून घेईन' एवढंही सांगावं. परस्पर वगळलेलं जास्त लागतं.

आणि जिथे मांडव पडत नाही तिथे?

अमरावती जिल्ह्यातच, शहरापासून काही तासांवर, मेळघाट आहे. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके बालमृत्यू आणि कुपोषणाच्या बातम्यांमुळे महाराष्ट्राला गेली तीस वर्षं माहीत आहेत. आदिवासी भागांसाठी राज्यात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. तिच्यात गरोदर स्त्रीला अंगणवाडीत एक वेळचं गरम, चौरस जेवण मिळतं. कधीपासून? गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून, म्हणजे सातव्या महिन्यापासून, ते बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. गाव आपल्या लेकीला एक दिवस जेवू घालतं ते ज्या महिन्यात, नेमकं तिथूनच सरकारचं रोजचं ताट सुरू होतं.

अंगणवाड्यांमध्ये सामूहिक ओटीभरणही होतं. पोषण अभियानातल्या गावपातळीवरच्या कार्यक्रमांत ते येतं. सेविका गावातल्या गरोदर बायकांना एकत्र बोलावते, ओटी भरते आणि त्याच बैठकीत गोळ्या, वजन, आहार यांवर बोलते. घरचा कार्यक्रम झाला तरी या बैठकीला जावं, कारण नोंदणीची कामं तिथेच मार्गी लागतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र कुटुंबातल्या पहिल्या बाळंतपणाला ५ हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. त्या तारखेवर कार्यक्रम धरू नये.

कार्यक्रमाची पिशवी भरताना त्यात एक गोष्ट पाहुण्यांना न दिसणारी ठेवावी, ती म्हणजे तिची फाइल. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, शेवटची सोनोग्राफी, चालू गोळ्यांची चिठ्ठी. बाळंतपणासाठी माहेरी जाताना साड्यांची बॅग भरली जाते आणि फाइल सासरच्या कपाटात राहते, असं होतं. अमरावतीत असाल तर जिल्हा स्त्री रुग्णालयाला रिक्षावाला 'डफरीन' म्हणून ओळखतो, अकोल्यात 'लेडी हार्डिंग' म्हणून. दोन्ही नावं इंग्रजी अमदानीतल्या व्हाइसरॉयांच्या बायकांची. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण आणि ने-आण मोफत आहे. रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ हे क्रमांक घरातल्या एकाच्या नव्हे, सगळ्यांच्या फोनमध्ये असावेत.

आणि कार्यक्रमाच्या गडबडीत ती म्हणाली की डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, चेहरा-हात सुजलेत, अंगावरून रक्त जातंय किंवा बाळ सकाळपासून हललं नाही, तर 'दमली असशील' म्हणून तिला झोपाळ्यावर परत बसवू नये. गाडी काढावी. जेवण पाहुणे वाढून घेतील.